नोरीनला दिलेले दहा मार्क

एनिस, आयर्लंड,
५ मे २०२४

स्वरूपा,

हे पत्र फाडायचंच असेल तर निदान वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेजमध्ये मला दोन ओळींच्या वर लिहिता येत नाही, अंगठे दुखतात. शिवाय तू त्या निळ्या खुणाही बंद करून ठेवल्या आहेस, म्हणजे वाचलंस की नाही हेसुद्धा आईला कळू नये. कागदाचं बरं असतं. पोस्टमनने दारात टाकला की टाकला.

काल जेवताना शार्दूल बोलून गेला. तुझ्या भावाच्या पोटात काही राहत नाही. म्हणाला, "ताईला तिकडे फिनलंडमध्ये पुढच्या एप्रिलच्या निवडणुकीला उभं राहायला परत विचारलंय, ती नाही म्हणाली." मग वैदेहीने टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली असावी, कारण तो एकदम डाळीची तारीफ करायला लागला. डाळ मी केली होती आणि ती खारट झाली होती.

तू नाही का म्हणालीस, हे मी विचारत नाही. तो हक्क मी तीन वर्षांपूर्वी घालवला. फक्त इतकंच लिहिते, की नाही म्हणण्याचं कारण मी असेन, तर ते कारण जुनं झालं आहे. एवढं बोलून मी त्या विषयावर गप्प बसते.

गप्प बसणं मला किती जमतं, ते तुला माहीत आहे.

इथलं सांगते. आमच्या वसाहतीपासून शाळेपर्यंत जो रस्ता जातो त्याला फुटपाथ नाही. सातशे पावलं, मी मोजली आहेत. एका बाजूला काटेरी झुडपांचं कुंपण आणि दुसऱ्या बाजूला शॅननला कामाला जाणाऱ्या गाड्या. तुझा भाऊही त्यातलाच, सकाळी पावणेसातला हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवायला जातो आणि स्वतःच्या आईच्या हृदयाचा विचार न करता त्या रस्त्यातल्या वळणावरून गाडी घालतो. मी निहारिकाला शाळेत पोचवते. नऊ वर्षांची मुलगी, मी मराठीत ओरडते, "कडेने चाल!" आणि ती इंग्रजीत उत्तर देते, "आजी, यू आर ग्रँड." इथे सगळं ग्रँड असतं. पाय मोडला तरी ग्रँड.

गेल्या मंगळवारी दारात एक बाई आल्या. पिकलेले केस, पुरुषाचा रेनकोट, हातात पत्रकांचा गठ्ठा. नोरीन हेहिर. पस्तीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त, कुठल्याच पक्षाच्या नाहीत, कौन्सिलला उभ्या आहेत. मी म्हटलं, माझा मुलगा कामावर आहे, मत त्याचं आहे. त्या म्हणाल्या, "आणि तुमचं?"

मी म्हटलं, "मी इथली नाही. मी पाहुणी आहे."

"किती वर्षं आहात?"

"दोन."

"दोन वर्षं राहणाऱ्याला आमच्याकडे पाहुणा म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथे राहता, तेवढं पुरे. कौन्सिलला पासपोर्ट विचारत नाहीत. त्या रस्त्यावरून छत्री घेऊन, मुलीला आतल्या बाजूला ठेवून चालणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

त्यांनी आमच्याच दारात, आमच्याच पेनने माझा मतदार यादीचा फॉर्म भरून घेतला. मी सही केली. मग दार लावून मी बराच वेळ तिथेच पायपुसण्यावर उभी राहिले, कारण अगदी हेच तू मला सांगितलं होतंस. भारताच्या पासपोर्टवरही तुमच्या फिनलंडमध्ये नगरपालिकेला मत देता येतं, उभंही राहता येतं, दोन वर्षं राहिलेलं असलं की झालं. तेव्हा मी काय म्हणाले होते? "लोकांच्या घरात पाहुण्यासारखं राहावं, त्यांच्या फडताळात हात घालू नये." बरोबर हेच शब्द. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, हे माझं दुर्दैव.

स्वेटर घालत जा. मे महिना आहे म्हणून तिकडे उन्हाळा असतो असं नाही.

तुझी,
आई


८ जून २०२४

स्वरूपा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी पोस्टमन आला की मी पडदा सरकवते. तो आता हात हलवतो. त्याला वाटतं, म्हातारी त्याच्यावर भाळली आहे.

काल मी मत दिलं!

नीट साडी नेसले. वैदेही म्हणाली, "आई, जीन्सवर गेलात तरी चालेल हो, लोक तर कुत्री घेऊन जातात." मी म्हटलं, लोक कुत्री घेऊन जातात म्हणून मी साडी नेसायची नाही का? निळी इरकल. तुला आवडत नाही ती.

निहारिकाच्याच शाळेत मतदान होतं. चिमुकल्या खुर्च्या, भिंतीवर मुलांनी काढलेल्या मेंढ्या. टेबलामागच्या माणसाने सगळ्यांना दोन कागद दिले आणि मला एकच. मी विचारलं, का? म्हणाला, दुसरा कागद युरोपच्या निवडणुकीचा आहे, तो तुम्हाला नाही. मी त्याला दोन शब्द सुनावले. युरोपातल्या रस्त्यावर गाडी माझ्या अंगावर आली तर ती युरोपची गाडी नसते का, असं विचारलं. तो म्हणाला, "फेअर पॉइंट, मिसेस," आणि तरीही एकच दिला.

कागदावर सोळा जण, प्रत्येकाचा फोटो आणि समोर रिकामा चौकोन. शार्दूलने आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, इथे फुली मारायची नाही, शिक्का नाही, आकडे टाकायचे." मला ती पद्धत फार आवडली. एकाला घ्यायचं आणि बाकीच्यांना केरात टाकायचं, असं नाही. प्रत्येकाचा विचार करा, प्रत्येकाला त्याच्या लायकीप्रमाणे द्या. चौतीस वर्षं शाळेत मी दुसरं काय केलं? सगळी पत्रकं मी आधीच वाचून ठेवली होती, समासात टिपा काढून. दोरीने बांधलेल्या त्या पेन्सिलने मी वीस मिनिटं पेपर तपासत होते. मागच्या माणसाने खोकून दाखवलं, मी लक्ष दिलं नाही.

नोरीनला दहापैकी दहा. आयुष्यात मी कोणाला दहा दिले नव्हते. तुलाही नाही, निबंधाला नऊच्या वर कधी गेले नाही. एक जण होता, ज्याच्या पत्रकावर लिहिलं होतं की आयर्लंड भरलं, आता कोणी येऊ नये. त्याला एक. शून्य मी देत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, कोऱ्या पेपरवर मुलीने नाव लिहिलं असेल तर त्या नावाचा एक मार्क द्यावा. तो मी त्याला दिला.

बाहेर आले तर पाऊस थांबला होता. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं, सदुसष्टाव्या वर्षी. तुला तुझ्या पहिल्या मताच्या वेळी असंच वाटलं का, हे विचारायला फोन काढला होता. मग परत पर्समध्ये ठेवला.

आई


१२ जून २०२४

स्वरूपा,

मागच्या पत्रातली निवडणुकीची हकीकत वाचून तू हसली असशील. तुला तिथेच कळलं असेल. मला काल कळलं.

मोजणी इथे दोन-तीन दिवस चालते. एकेक उमेदवार बाद होतो, त्याची मतं पुढच्या पसंतीला वाटली जातात, असं पुन्हा पुन्हा. नोरीन शेवटच्या जागेपर्यंत टिकल्या आणि अकरा मतांनी पडल्या.

मी रव्याचे लाडू केले आणि काल त्यांच्या घरी गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पडले होते, आणि त्या टेबलाशी बसून पाय गरम पाण्यात सोडून चहा पीत होत्या. महिनाभर दारोदार चालल्या होत्या. मी म्हटलं, "नोरीन, लोकांना अक्कल नाही. मी मात्र माझं काम केलं. मी तुम्हाला दहा दिले."

त्यांनी कप खाली ठेवला. "दहा काय?"

"दहापैकी दहा. पूर्ण मार्क."

त्यांनी माझा हात धरला. मग अगदी हळू आवाजात, आपण तापातल्या माणसाशी बोलतो तसं म्हणाल्या, "नंदा, लव्ह. एक म्हणजे पहिला. ज्याला सगळ्यात जास्त हवं त्याला एक. मग दोन, मग तीन."

"मग माझे दहा?"

"म्हणजे मी तुमची दहावी पसंती." मग, "आणि एक कोणाला दिला होतात?"

मी सांगितलं.

स्वरूपा, त्या बाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. पाण्याची बादली लवंडली तरी हसत होत्या. "यर मॅन!" म्हणाल्या, म्हणजे 'तो गडी'. "त्याला आख्ख्या गावात एक भारतीय मत पडलं आणि ते साडी नेसून पडलं!"

मला जमिनीने गिळलं असतं तर बरं. चौतीस वर्षं पोरींना सांगितलं, आधी सूचना वाचा, मग पेन उचला. कागदाच्या डोक्यावर सूचना छापलेली होती. मी वाचली नाही. मला वाटलं, मला कोण शिकवणार. मी म्हटलं, "तो निवडून आला?" त्या म्हणाल्या, "छे, तो तर चौथ्या फेरीतच गेला. आणि तुमचं मत मला मिळालं असतं तर मी अकराऐवजी दहाने पडले असते. आता बसा आणि तो लाडू द्या इकडे."

मी माफी मागत राहिले. त्या म्हणाल्या, "नंदा, पुरे. तुम्ही माझ्यासाठी त्या रस्त्यावरून चालत आलात. माझी आई तर मला कधीच मत द्यायची नाही. दोनदा उभी राहिले, दोनदा तिने शेजारच्या दुकानदाराला दिलं, आणि वर मला सांगितलंही."

"का?"

"म्हणायची, तू निवडून आलीस तर घरी कधी येशील?"

मी उठून कोट घातला. लाडवांचा डबा तिथेच विसरून आले.

आता ऐक. १४ जून २०२१ ला तू मला नाशिकला फोन केलास. निकालाचा दुसरा दिवस. तू म्हणालीस, "आई, बेचाळीस. मी निवडून नाही आले, पण बेचाळीस लोकांनी मतपत्रिकेवरच्या त्या वर्तुळात माझा उमेदवारीचा नंबर लिहिला. मी त्यांच्यातल्या निम्म्यांना ओळखतही नाही." तुझा आवाज लहानपणी शर्यतीत धावून आल्यासारखा होता. आणि मी म्हटलं, "बेचाळीस? थर्ड क्लास." मग म्हटलं, "बाप जाऊन महिना झाला आणि तू परक्यांच्या बर्फाची काळजी करत मतं मागत हिंडतेस." तू फोन ठेवलास.

मला ते बेचाळीस कमी वाटले नव्हते. मला ते फार वाटले होते. नाशिकच्या त्या घरात मी एकटी, आणि तिकडे ताम्पेरेत बेचाळीस माणसं म्हणतात की ही मुलगी आमची आहे. आता ही परत कशाला येईल? त्याची मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणजे मी काय करते, ते तू जन्मापासून पाहिलं आहेस. मी मार्क कापते.

आणि बर्फाचं म्हणशील, तर मी तुझं तेव्हाचं पत्रक आता वाचलं, शार्दूलच्या संगणकावर भाषांतर करून. पाळणाघरांच्या आणि बसथांब्यांच्या वाटेवरचा बर्फ मोटारींच्या रस्त्याआधी काढा, कारण तिथून बायका मुलांच्या गाड्या ढकलत जातात. सातशे पावलं फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून चालल्याशिवाय तुझ्या आईला हे कळलं नाही.

आई


१ सप्टेंबर २०२४

स्वरूपा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे तुमचा तो धबधबा आणि कारखान्यांच्या विटांच्या चिमण्या, मागे एक ओळ. "त्या एक मार्कवाल्याने तुझे आभार मानले की नाही?"

प्रिय नाही, आई नाही, खाली नाव नाही. मी ते सतरा वेळा वाचलं. वैदेहीला दाखवलं, पोस्टमनलाही दाखवलं, त्याला मराठी येत नाही तरी. मग कार्ड कुठेतरी जपून ठेवलं आणि दिवसभर शोधत बसले. वैदेही म्हणाली, "आई, ते प्रेसमध्ये आहे, चहाच्या डब्यामागे." इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी ते चहाच्या डब्यामागे का ठेवलं असेल, ते मला विचारू नकोस.

आभार नाही मानले. पण परवा तो सुपरमार्केटात भेटला. माझी पिशवी फाटली आणि त्याने बटाटे गोळा करून दिले. मी त्याला सांगितलं नाही. माणसाने काही गोष्टी स्वतःपाशी ठेवाव्यात.

सगळ्या नाही. म्हणून आज लिहिते आहे. हे पत्र मी चार वेळा फाडलं. तुझं कार्ड आलं नसतं तर धीर झाला नसता, आणि आता वाटतं, एवढ्यात जे मिळालं ते हे लिहून घालवणार. तरी लिहिते. त्याच्यावर तुझं तिथलं "नाही" उभं आहे, असं मला वाटतं.

मी तुला सांगितलं होतं, की बाबा शेवटी तुझं नाव घेत होते, "स्वरूपा कुठे आहे, अजून का नाही आली" असं विचारत होते.

नाव घेत होते हे खरं आहे. बाकी मी घातलं.

एप्रिलचे शेवटचे दिवस होते. विमानं बंद होती हे त्यांना माहीत होतं, तू येऊ शकत नाहीस हेही. रुग्णवाहिका दारात आली तेव्हा ते खुर्चीत बसले होते, धाप लागत होती. मला म्हणाले, "स्वरूपाला सांग, माझ्यासाठी नाव मागे घ्यायचं नाही. म्हणावं, उभी राहा." मी म्हटलं, आता बोलू नका. ते म्हणाले, "सांगशील ना?" मी हो म्हटलं. ते आमचं शेवटचं बोलणं. आठ दिवसांनी दवाखान्यातून फोन आला.

मी सांगितलं नाही. आधी गडबडीत राहिलं असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं आहे. त्यांनी शेवटचं वाक्य माझ्यासाठी ठेवलं नाही, तुझ्यासाठी ठेवलं, याचा मला राग आला होता. अंत्यसंस्काराला मी धरून दोन माणसं होती. मला वाटलं, माझं जे झालं आहे त्यातलं थोडं हिच्या वाट्यालाही यावं. म्हणून मी तो निरोप उलटा करून तुला दिला.

माफ कर असं लिहीत नाही. ते तुझ्यावर ओझं टाकल्यासारखं होईल. निरोप साडेतीन वर्षं उशिरा पोचवते आहे, एवढंच.

आई


२ फेब्रुवारी २०२५

स्वरूपा,

तुझं पत्र मिळालं. पाच महिन्यांनी, पाच पानं.

शार्दूलने विचारलं, "ताईने काय लिहिलंय?" मी म्हटलं, जे लिहायला हवं होतं ते.

तू लिहितेस, "प्रचाराच्या तंबूत लोकांना कॉफी देताना प्रत्येक कपाला मला वाटायचं की बाबा माझी वाट बघत गेले आणि मी इथे हसते आहे." तू लिहितेस, "परत विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले कारण त्या तंबूत मला पुन्हा उभं राहवणार नव्हतं." तू लिहितेस, "तू शिक्षा फक्त मला दिली नाहीस, त्यांचाही शब्द खाल्लास." दुसरं पान मी अजून पूर्ण वाचू शकलेले नाही. वाचीन.

तुझं मराठी मात्र सुरेख राहिलं आहे, रागातसुद्धा.

तू विचारतेस, मी हे आता सांगून तुला उभं करू बघते आहे का. हो, आधी तसंच होतं. मला वाटलं होतं, तू उभी राहिलीस की माझं पुसलं जाईल. आता तसं वाटत नाही. तू उभी राहिलीस तरी माझं जे आहे ते आहे. नाही राहिलीस तरी आहे. अर्जांची मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहे ना? शार्दूल तुमच्या बातम्या इंग्रजीत वाचून दाखवतो, मला आता तुमचं सगळं कळायला लागलं आहे. दवाखाने नगरपालिकेकडून काढून घेतले, ते वेगळ्या मंडळाकडे दिले, हेही कळतं, आणि ते मला पसंत नाही. पण तू हो म्हण असं मी म्हणणार नाही. त्यांनी सांगितलं, मी पोचवलं. पुढे तुझं तू.

नोरीन आणि मी आठवडाभर रोज सकाळी त्या वळणावर दोन खुर्च्या टाकून बसलो, वहीत नोंद करत. किती मुलं चालत गेली, किती गाड्या जवळून गेल्या. थर्मास माझा, घोंगडी त्यांची. चौथ्या दिवशी थंडीने माझं नाक निळं झालं तेव्हा नोरीन म्हणाल्या, "नंदा, तुम्ही घरी जा." मी म्हटलं, "मी तुमचं एक मत खाल्लं आहे, बसू द्या मला." कौन्सिलला आम्ही ती वही पाठवली. उत्तर आलं की विषयाची नोंद घेतली आहे. मी लिहिलं, नोंद आम्हीच घेऊन पाठवली होती, तुम्ही आता फुटपाथ घ्या.

आई


१३ एप्रिल २०२५, रविवार
दुपार

स्वरूपा,

तुझ्याकडे मतदान संध्याकाळी आठला बंद होईल, म्हणजे आमच्याकडे सहाला. शार्दूलने संगणक टीव्हीला जोडून ठेवला आहे, निहारिकाने तुझा नंबर कागदावर रंगवून भिंतीला चिकटवला आहे. वैदेही म्हणाली, तुमच्याकडे मत देऊन आल्यावर कॉफी प्यायची रीत आहे, म्हणून तिने केक केला आहे. घरातल्या कोणालाही मत नाही आणि सगळे नवे कपडे घालून बसले आहेत.

तुझं पत्रक मार्चमध्ये आलं. पाकिटात दुसरं काही नव्हतं, मी पाकीट उलटं करून झटकलं. मग पत्रक बघितलं. मागच्या वेळी होतं स्वरूपा केळकर. या वेळी छापलं आहे, स्वरूपा दत्तात्रय केळकर. ती तीन नावं मी हाताने झाकून बसले, कारण डोळ्यातलं पाणी कागदावर पडून शाई पसरली असती.

तू मला बोलावलं नाहीस, आणि मी येते असं म्हटलं नाही. ते बरोबरच आहे. मागच्या महिन्यात तू शार्दूलशी बोलताना विचारलंस, "आईचं नाक बरं आहे का?" आणि तो म्हणाला, "तूच विचार," आणि तू विचारलंस. चार मिनिटं आपण माझ्या नाकावर बोललो. मला पुरेसं आहे. आणखी मिळालं तर नको म्हणणार नाही.

नोरीन येऊन बसल्या आहेत. त्या म्हणतात, निकाल लागू दे, मग लिहा, म्हणजे नीट अभिनंदन करता येईल. मी म्हटलं नाही. पावणेपाच वाजले आहेत. कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीपर्यंत मी आत्ता जाणार आहे. आज रविवार आहे, उद्या दुपारपर्यंत कोणी ती उघडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पत्र एकदा आत पडलं की मला ते परत काढता येणार नाही, बदलता येणार नाही, खाली आकडा लिहिता येणार नाही.

तू उभी राहिलीस. मला तुझा फार अभिमान वाटतो. तुला किती मतं पडली, हे लिहिताना मला माहीत नाही.

आई